ओवी आली तरच घास

पहिल्याच तालमीत माझं जातं मुकं झालं.

नोव्हेंबर २०२० मधली गोष्ट. पुण्यात आमच्या बाहेरच्या खोलीत फरशीवर पोतं अंथरून जातं मांडलं होतं, समोर स्टुलावर लॅपटॉप. पलीकडे एकच मैत्रीण, नागपुरात. मी दोन-तीन ओव्या म्हणत पाचेक मिनिटं दळलं आणि थांबून विचारलं, "कसं वाटतंय?" ती जरा घुटमळली. म्हणाली, "गळा छान लागलाय तुझा. पण नुसताच हात कशाला फिरवतेयस? खरं दळ की." इकडे पोत्यावर पिठाचं कडं पडलं होतं, माझा दंड भरून आला होता, आणि तिच्या कानापर्यंत जात्याची घरघर पोचलीच नव्हती.

कारण शोधण्यात दोन दिवस गेले. बोलणं नीट ऐकू जावं म्हणून व्हिडिओ कॉलची अॅप्स आजूबाजूचा गोंगाट आपोआप गाळतात. एकसारखा चालणारा आवाज, म्हणजे पंखा, एसी, लांबची वाहतूक, हा गोंगाटच असं त्यांनी धरलेलं असतं. जात्याची घरघरही तशीच, एकसारखी. माझ्या आजीच्या, पणजीच्या पहाटा ज्या आवाजाने सुरू झाल्या तो आवाज त्या यंत्राने केर समजून झाडून टाकला होता. मला फार लागलं ते. हे काम आता पुरं करायचंच, असं मी त्या रात्री ठरवलं.

मी परफॉर्मन्स आर्ट करते. नाटकात नट दुसऱ्या कुणाची तरी भूमिका करतो. आमच्या कामात कलावंत स्वतःच्या देहाने, खऱ्या वेळात, खरीखुरी कृती करतो, आणि बघणाऱ्याने त्यात हात घालावा अशी जागा पुष्कळदा मुद्दाम ठेवलेली असते. योको ओनो १९६४ मध्ये क्योतोत रंगमंचावर बसल्या, पुढ्यात कात्री ठेवली, आणि प्रेक्षकांनी एकेक करत येऊन त्यांच्या कपड्यांचे तुकडे कापून नेले. मारिना अब्रामोविचने १९७४ मध्ये नेपल्समध्ये टेबलावर ७२ वस्तू मांडल्या. त्यांत गुलाब, पीस, मध होता, तसा चाबूक होता, पिस्तूल आणि एक गोळीही होती. सहा तास या वस्तू माझ्यावर हव्या तशा वापरा, असं सांगून ती नुसती उभी राहिली. कला शिकत असताना मी या कामांबद्दल वाचलं तेव्हा मला त्यातल्या धाडसापेक्षा एका गोष्टीने धरून ठेवलं. आलेल्या माणसाला तिथे हात लपवता येत नव्हता. कात्री उचलली तर ती सगळ्यांसमोर उचलायची, आणि जिचं कापड कापायचं तिच्या श्वासाच्या अंतरावर उभं राहून कापायचं.

टाळेबंदीत सगळं पडद्यावर आलं. २०२० च्या त्या उन्हाळ्यात मी कितीतरी कार्यक्रम पाहिले, दोन स्वतःही केले. दोन्ही वेळा सारखाच अनुभव. काळ्या चौकोनांच्या रांगा, चौकोनात नावाचं आद्याक्षर, आणि मधूनच उडणारं टाळ्यांचं चित्र. सहभागी व्हा म्हटलं की लोक बटण दाबायचे. ते लोक वाईट होते असं मी मुळीच म्हणणार नाही. कुणी भाजी निवडत ऐकत होतं, कुणी आजाऱ्याच्या उशाशी बसून. पण माझ्या हाताला त्यांचं वजन लागत नव्हतं, आणि ते लागावं कसं हा प्रश्न डोक्यातून जाईना.

वजन हा शब्द मला आजीच्या जात्यावरून सुचला. आमचं आजोळ मावळातलं. मी सहा-सात वर्षांची असताना गावात पिठाची गिरणी होतीच, तरी आजी नाचणी आणि मेतकुटाचं घरीच दळायची. ती आणि मोठी मामी समोरासमोर बसायच्या, एकच खुंटा दोघींच्या मुठीत. कधी मधे मला हात लावू द्यायच्या. जात्यावर दुसऱ्या बाईचा हात असला की तो दिसावा लागत नाही, कळतो. तिने ओढ दिली की तळी हलकी होते, तिचं लक्ष उडालं की जड होते. आजी डोळे मिटून दळायची आणि मामीला म्हणायची, "कुठं गेलीस? हात सैल पडला तुझा." पडद्यापलीकडच्या माणसाचा हात असा कळेल का?

सप्टेंबरात मामीकडून जातं आणलं. पडवीच्या कोपऱ्यात पालथ्या घमेल्याखाली ते पंधरा वर्षं पडून होतं. मामी आधी नाही म्हणाली. "तुला ग काय करायचंय? हात सोलपटतील. आणि मोबाइलमदी दळून पीठ कुणाला घालणार?" मी समजावलं तसं तिने दोन दिवस ठेवून घेतलं आणि शिकवलं. तळ्या पार गुळगुळीत झाल्या होत्या, म्हणून आधी टाकी लावायला हवी होती. पूर्वी जात्याला टाकी लावणारे दारावरून ओरडत जायचे. आता एक म्हातारबाबा तिसऱ्या गावाहून शोधून आणावे लागले. त्यांनी दगडावर तळहात फिरवला, नुसता हात फिरवून बोथट कुठे झालाय ते सांगितलं, आणि दुपारभर छिन्नीने एकेक टिपका उठवत बसले. टाकी लावल्यावर पहिलं दळण खायचं नसतं, त्यात दगडाची कच येते. ते गुरांच्या आंबोणात गेलं.

मामीचे धडे थोडे आणि नेमके होते. जात्याकडे बघायचं नाही, बघितलं की हात अडखळतो. जोर दंडाचा लावायचा नाही, कमरेतून झुलायचं. घास, म्हणजे एका वेळी जात्याच्या तोंडात घालायचे दाणे, मुठीएवढा नाही, चिमटीहून थोडा मोठा. जास्त घातलं की पिठाचा भरडा होतो. आणि ओवी म्हणताना श्वास फेऱ्यावर टाकायचा. हा शेवटचा धडा मला सर्वांत अवघड गेला आणि सर्वांत कामी आला. ओवीची ओळ मधेच लांबते, एखादा शब्द ताणला जातो, "बाई" किंवा "गं" उगाच आल्यासारखं वाटतं, ते सगळं दगडाच्या फेऱ्याशी जुळवलेलं असतं. कागदावर वाचताना जे भरतीचं वाटतं ते दळताना श्वासाची जागा निघते.

याच काळात मी हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या रोज ऐकत होते. या दोघांनी आणि त्यांच्या गावोगावच्या सहकाऱ्यांनी मिळून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, आणि २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संकेतस्थळावर त्या टप्प्याटप्प्याने ऐकायलाही मिळू लागल्या. त्यात मुळशी-मावळातल्या बायका पुष्कळ. म्हणजे माझ्या आजीच्याच बोलीतल्या. अभंगाच्या शेवटी संताचं नाव येतं, ओवीत म्हणणारीचं नाव येत नाही. या संग्रहाने मात्र बाईचं नाव, गाव सगळं टिपून ठेवलंय, आणि त्यासाठी मी या लोकांची कायम ऋणी राहीन.

मग नियम ठरला. एका ओवीत ठरला म्हणा ना: बघणाऱ्याने ओवी द्यायची, मी ती म्हणत एक घास दळायचा. ओवी आली तरच घास. नाही आली तर जातं थांबणार, आणि मी खुंट्यावर हात ठेवून थांबणार, कितीही वेळ. माझ्या पदरची एकही ओवी मी घालायची नाही.

आवाजाचा तिढा सुटायला सगळा डिसेंबर गेला. अॅपच्या सेटिंगमध्ये खोलवर एक पर्याय असतो, मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याचा. तो चालू केला की गोंगाट गाळणं बंद पडतं. पण मग पंखाही आला आणि शेजारचा टीव्हीही. पंखा बंद केला, शेजारच्या काकूंना विनंती केली. लॅपटॉपच्या माइकवर घरघर पत्र्यावर खडे ओतल्यासारखी यायची, म्हणून एक साधा बाहेरचा माइक आणला आणि तो जात्याशेजारी घडी घातलेल्या गोधडीवर ठेवला. तेव्हा कुठे नागपूरची मैत्रीण म्हणाली, "आता पोटात ऐकू येतंय."

दुसरा तिढा सुटलाच नाही, त्याला वळसा घालावा लागला. सगळ्यांनी एका सुरात एकत्र म्हणणं इंटरनेटवरून होत नाही. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. एकत्र गाणारे दहाएक मीटरपर्यंत असले तर आवाज पोचायला सेकंदाचा तेहेतिसावा-चौतिसावा भाग लागतो, तेवढं कान सांभाळून घेतो. व्हिडिओ कॉलवर सेकंदाचा सातवा भाग उशीर अगदी नेहमीचा. म्हणजे पन्नास मीटरवर, शेताच्या पलीकडच्या बांधावर उभ्या माणसाबरोबर ताल धरण्यासारखं. त्यात प्रत्येकाचा उशीर वेगळा. आम्ही अकरा जणांनी एकदा करून पाहिलं. दोन ओळींत सगळं विस्कटलं. म्हणून ठरवलं की ओवी एकाने म्हणायची, त्याचाच माइक उघडा, ती संपली की मी ती उचलून दळताना परत म्हणायची, आणि बाकीच्यांनी माइक बंद ठेवून आपापल्या घरी माझ्याबरोबर म्हणायचं. मला त्यांचे आवाज ऐकू येणार नव्हते, ओठ दिसणार होते.

ओठही दिसेनात, कारण कॅमेरे बंद. तालमींना आलेल्या बायकांना मी फोन करून विचारलं. एकीने सांगितलं, घर पसरलेलं असतं. दुसरी म्हणाली, सासरे मागे झोपलेले असतात. तिसरी म्हणाली, अनोळखी पुरुष असतील, चेहरा नको वाटतो. सगळ्यांचं म्हणणं रास्त होतं. त्यावर बरेच दिवस विचार करून मी निमंत्रणात एक ओळ घातली: चेहरा दाखवू नका, हात दाखवा; हातात मूठभर कुठलंही धान्य घेऊन बसा. कॅमेरा खाली वळवायचा, मांडीवरच्या हातांवर. माझ्या आजवरच्या कामातला सर्वांत उपयोगाचा निर्णय मी हाच मानते. पुढे बहुतेकांना कॅमेरा उघडा म्हणावं लागलं नाही.

वेळही बदलावी लागली. आधी संध्याकाळी सात ठरवली होती. आई म्हणाली, "सातला कोण बाई मोकळी असते गं? झाकपाक झाल्यावर ठेव." तेव्हा रात्री साडेनऊ.

संक्रांतीनंतरच्या रविवारी, जानेवारी २०२१ मध्ये पहिला प्रयोग झाला. त्रेचाळीस जण आले. पडद्यावर हात. बांगड्यांचे, लग्नातल्या मेंदीचे, एक प्लास्टर घातलेला, दोन लहान मुलांचे. कुणाच्या मुठीत तांदूळ, कुणाच्या मूग, एकाच्या हातात पॉपकॉर्नचे मक्याचे दाणे. मी नियम सांगितला, खुंट्यावर हात ठेवला आणि गप्प बसले.

काहीच आलं नाही. मिनिटाभरात टाळ्यांची चित्रं उडाली, बदाम उडाले. कुणीतरी लिहिलं, "सुरू करा ना ताई." कुणी लिहिलं, "नेटवर्क अडकलंय का?" मी हललेही नाही. चार मिनिटांनी तीन जण निघून गेले. आठव्या मिनिटाला माझ्या पायाला मुंग्या आल्या. सहभागाच्या कामात हा क्षण फार मोहाचा असतो. आपण एखादी ओवी म्हणून टाकावी, लोकांना धीर द्यावा, गाडी चालू करावी. खूप कामं इथेच मरतात असं माझं मत आहे. कलावंताने दया दाखवून प्रेक्षकाची जागा स्वतः भरली की प्रेक्षक कायमचा मोकळा होतो.

अकरा मिनिटं झाली होती. एक माइक उघडला, आतून भांड्याचा आवाज आला, आणि साठीच्या पलीकडचा एक गळा, तयारी नसलेला, म्हणाला, "म्या म्हणू का? नवीच हाय, आत्ताच जुळवली."

लेक माझी दवाखान्यात, तोंडाला तिच्या पट्टी
फोनामंदी दिसतीया, कशी घेऊ तिला मिठी

मी घास घातला. पहिला फेरा इतका जड गेला की खांद्यात चमक आली. आणि तेव्हा मला जे कळलं ते मी अजून नीट सांगू शकत नाही. त्या बाईच्या शब्दाशिवाय हा दगड हलला नसता. तिचा हात खुंट्यावर नव्हता, पण थांबलेल्या अकरा मिनिटांचं सगळं वजन तिने उचललं होतं. पडद्यावरच्या चाळीस हातांपैकी कितीतरी हात मूठ मिटून बसले होते.

त्यानंतर ओव्या तुटल्या नाहीत. दीड तासात जेमतेम अर्धा किलो पीठ पडलं. आजी असती तर एवढ्या वेळात घरच्या भाकरीचं दळून झालं असतं.

पुढचे तीन प्रयोग मी थोडक्यात सांगते, कारण ते चांगले झाले आणि चांगल्या गेलेल्या रात्रींबद्दल सांगण्यासारखं कमी असतं. पुरुषही ओव्या देऊ लागले. अमेरिकेतून एक गृहस्थ सकाळी ऑफिसच्या आधी यायचे. त्यांच्याकडे सकाळ, आमच्याकडे रात्र. आई दळताना तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचो, असं त्यांनी सांगितलं आणि चार ओळी गद्यातच म्हणून दाखवल्या. मी त्या फेऱ्यावर बसवल्या. बसवताना एक शब्द इकडचा तिकडे करावा लागला, तर आधी त्यांना विचारलं. रेकॉर्डिंग मात्र मी एकाही प्रयोगाचं केलं नाही. बायका नवऱ्याबद्दल, सासरबद्दल, जाऊबाईबद्दल बोलत होत्या. जात्यावरचं बोलणं पहाटेच्या अंधारात आणि दगडाच्या घरघरीत सुरक्षित असायचं; ते उद्या कुणाच्याही फोनवर फिरावं हे मला मान्य नव्हतं. ज्यांना आपली ओवी जपून ठेवायची होती त्यांची मी वहीत त्यांच्या नावासकट लिहून घेतली.

मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, पाचवा प्रयोग होता. लोक इतके खचलेले होते की प्रयोग रद्द करावा असं मला वाटत होतं. पण नेहमीच्या बायकांनीच फोन करून "ठेव" म्हटलं. कुणीतरी प्रेमाने दुवा पुढे पाठवला, त्याने पुढे, आणि त्या रात्री शंभरावर माणसं आली. पाऊण तासाने एक माइक उघडला. नाव म्हणून नुसती तीन टिंबं, कॅमेरा बंद. त्या पुरुषाने चालीवर, अगदी ओवीच्या चालीवर, दोन ओळी म्हटल्या. माझ्या देहाबद्दल, मग माझ्या जातीबद्दल. त्या मी इथे लिहिणार नाही. म्हणून झाल्यावर तो म्हणाला, "ओवी आली. दळा आता. नियम तुमचाच आहे."

तो बरोबर बोलत होता. आलेली ओवी म्हणायची, हा नियम मी शंभर जणांसमोर सांगितला होता. माझा हात खुंट्यावर, दुसऱ्या मुठीत नाचणी. नेपल्समधल्या त्या सहा तासांत काय झालं ते मी किती वेळा वाचलं होतं. सुरुवातीला संकोचलेले लोक पुढे धीट झाले, अब्रामोविचचे कपडे फाडले, कातडीवर जखमा केल्या, भरलेलं पिस्तूल तिच्या अंगावर रोखलं गेलं, आणि त्याच गर्दीतल्या इतरांनी ते हिसकून घेतलं. इथल्याशी जास्त जुळणारं काम म्हणजे वफा बिलाल या इराकी-अमेरिकी कलावंताचं. २००७ मध्ये शिकागोतल्या एका दालनात तो महिनाभर राहिला. समोर रंगाच्या गोळ्या झाडणारी बंदूक, आणि ती इंटरनेटवरून कुणीही, कुठूनही चालवावी. साठ हजारांहून अधिक गोळ्या झाडल्या गेल्या, शंभराहून जास्त देशांतून. झाडणाऱ्याला त्याचा वास येत नव्हता, आवाज येत नव्हता, नुसतं एक बटण होतं. पण त्या कामातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. काही अनोळखी माणसांनी आपसांत पाळ्या लावल्या आणि बंदुकीचं तोंड त्याच्यापासून दूर राहावं म्हणून ती सतत एका बाजूला वळवत बसले. मानवी ढालच होती ती, माऊस हातात घेतलेली.

मी हे सगळं तेव्हा आठवत बसले होते असं नाही. तेव्हा माझे कान गरम झाले होते आणि घशाला कोरड पडली होती. त्या माणसाला काढून टाकायचं बटण मैत्रिणीच्या हाताशी होतं. मी तिला नजरेने थांब म्हटलं, कारण मला अजून काही ठरवता येत नव्हतं. दळलं असतं तर ते शब्द माझ्या तोंडून गेले असते. हाकललं असतं तर नियम मीच मोडला असता. तेवढ्यात हातांच्या एका चौकोनातला माइक उघडला. पहिल्या प्रयोगातला तोच गळा.

जात्यावर आलं कुणी, हात न लावता बोललं
खडा होता दाण्यामंदी, बाई निवडून टाकलं

क्षणभर काहीच नाही. मग पडद्यावरचे हात हलू लागले. एकेका मुठीतले दाणे दुसऱ्या तळहातावर पसरले गेले आणि बोटं त्यातून फिरू लागली, खडे निवडताना फिरतात तशी. कुणी सांगितलं नव्हतं. पन्नास-साठ चौकोनांत एकाच वेळी दाणे निवडले जात होते. मी तिची ओवी उचलली आणि घास घातला. आपल्याकडे कलगी-तुऱ्याच्या फडात सवालाला जबाब कवनातच द्यायचा असतो. माझ्या नियमात ज्याची सोय नव्हती ती सोय त्या बाईला परंपरेतून माहीत होती. तीन टिंबं कधी निघून गेली ते मला कळलंही नाही.

त्या रात्री मी झोपले नाही. जे झालं त्याने मी उभी राहिले हे खरं, पण दुसऱ्या कुणी ती ओवी दिली नसती तर, हा प्रश्नही तेवढाच खरा. लोक एकमेकांना सावरतील या भरवशावर कुणाही बाईला, अगदी स्वतःलाही, उघड्यावर बसवणं मला योग्य वाटत नाही. पुढच्या प्रयोगापासून दोन बदल केले. दुवा सगळ्यांना खुला ठेवला नाही. आधी आलेल्या माणसाने स्वतः फोन करून नवं माणूस आणायचं, जात्यावर शेजारणीला हाक मारतात तसं. आणि नियमात शब्द वाढवले: ओवी द्यायची असेल तर हात दिसला पाहिजे. या दुसऱ्या बदलावर माझ्या ओळखीच्या काही कलावंतांनी टीका केली. त्यांच्या मते मी धोका काढून टाकला, आणि धोक्याशिवाय हे काम बोथट होतं. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. योको ओनोच्या कात्रीजवळ जाणाऱ्यालाही चालत पुढे यावं लागलं होतं. हात दाखवणं ही तेवढीच अट आहे.

ती ओवी देणाऱ्या आजींशी मी मग बोलू लागले. त्या भोर तालुक्यातल्या. घरात जातं आहे, चालू आहे. "तू लई वढतीस," त्यांनी मला पहिल्याच फोनवर सांगितलं. "आवाजावनं कळतंय. घाबरल्यावानी दळतीस." महिनाभर त्यांनी मला फोनवर ऐकून सुधारलं. आणि त्यांच्याशी बोलता बोलता शेवटच्या प्रयोगाचा आराखडा सुचला: एक जातं त्यांचं, एक माझं, दोन गावं. त्यांनी ओवीची पहिली ओळ म्हणत आपलं जातं फिरवायचं आणि थांबायचं. मग मी दुसरी ओळ जुळवत माझं. पुढच्या ओवीला उलट. एक दगड थांबल्याशिवाय दुसरा हलायचा नाही. इंटरनेटच्या उशिराने मला वर्षभर छळलं होतं, त्याचा इथे काही त्रासच उरला नाही, कारण थांबणं हाच ताल होता. त्यांच्या नातवाने फोन पोत्याला टेकवून कसा ठेवायचा ते शिकून घेतलं, तिकडच्या अॅपमधला मूळ आवाजाचा पर्यायही त्यानेच शोधून चालू केला.

ऑक्टोबर २०२१, कोजागरीच्या आदल्या रविवारची रात्र. छत्तीस जोड्या हात. पाऊण तास आम्ही दोघी दळत होतो. त्यांची ओळ संपायची, त्यांचा दगड दोन फेरे मंदावत थांबायचा, तो थांबल्याचं मला कानाने कळायचं आणि माझा हात आपोआप खुंट्यावर आवळायचा. एकदा त्यांनी ओळ नेहमीपेक्षा लांबवली, तर मला ओढ खांद्यात जाणवली. शपथेवर सांगते, खांद्यात.

मग माझी पाळी पहिल्या ओळीची होती. मी म्हटलं:

एका गं खुंट्याला गावं लागली दोन

आणि दगड थांबवला. पलीकडून काहीच आलं नाही. त्यांचा चौकोन काळा झाला होता. गावातली वीज गेली होती, आणि विजेबरोबर इंटरनेट.

लोकांना कळलं तसे शब्द यायला लागले. खूप जणांनी दुसरी ओळ लिहून पाठवली. फोन, कोण, मन, ऊन, सगळी यमकं जुळवून. त्यातल्या दोन तर खरंच सुंदर होत्या. एकीने माइक उघडून विचारलं, "ताई, मी पुरी करू?" मी मान हलवून नको म्हटलं. उजवा हात खुंट्यावर होता, डाव्या मुठीत त्या घासाचे दाणे. मूठ घामेजली, दाणे तळव्याला चिकटले. पाच मिनिटं. दहा. या वेळी कुणी बदाम उडवले नाहीत, कुणी निघून गेलं नाही. पडद्यावरचे हात तसेच मांडीवर होते, काही मिटलेले, काही उघडे, एका लहान मुलाचा हात झोपेने कलंडलेला.

सतरा मिनिटांनी चौकोन उजळला. आधी अंधुक छत दिसलं, मग नातवाचा अंगठा, मग जातं. आजींनी काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. खुंटा धरला, खाकरल्या आणि जिथे सोडलं होतं तिथूनच उचललं:

अंधारात बसली सई, तिला वळखावं कोन

त्यांचा दगड फिरला, मंदावला, थांबला. "दाणं हातातच धरलं व्हतंस?" त्यांनी विचारलं.

"हो आजी."

"मंग टाक आता," त्या म्हणाल्या. "पुढं म्हण."